कपिलेचा हात

"कपिलेची धार पहिली. तोच हात न धुता पुढच्या गाईला. आणि का, ते विचारायचं नाही."

"का?"

लिंबाजीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या बादलीकडे. मग गोठ्याच्या पत्र्याकडे.

"विचारायचं नाही म्हणलो ना, बाय."

खैरमाळच्या मठातला तो माझा पहिला दिवस. मी नुकतीच गुरांची डॉक्टर झाले होते. औषधाच्या कंपनीतली नोकरी दोन महिन्यांत सोडली आणि हरगीर बुवांपुढे येऊन बसले. बुवा ऐंशीच्या पुढचे. मी त्यांना म्हणाले, मला शिकवा. काय शिकवू, त्यांनी विचारलं. कॉलेजात शिकवत नाहीत ते शिकवा, मी म्हणाले.

बुवांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"गोठ्यात जा."

एवढंच.

मला राग आला. पाच वर्षं मी गोठ्यांतच काढली होती.

मठाच्या अकरा गाई. अकरा खुंटे, एका ओळीत. पहिल्या खुंट्याला कपिला, तांबूस, शांत, मानाची. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला घंटा वाजायची. लिंबाजीकाका कपिलेची धार काढायचे आणि फेसानं ओला झालेला हात वर धरायचे. समोर जे कुणी असेल ते त्या हाताला नमस्कार करायचं. मग तोच ओला हात दुसऱ्या गाईच्या सडाला, मग तिसऱ्या, असं ओळीनं शेवटपर्यंत. त्याला कपिलेचा हात म्हणत. त्या हातानं बाकीच्या गाई दुधानं भरतात, असं सगळे सांगायचे.

भरत नव्हत्या. दोन वर्षांत चार गाईंना दगडी झाली होती. कास सुजते, तापते, दगडासारखी कडक होते, दुधात गुठळ्या येतात, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर सड कायमचा बंद पडतो. चारी गाईंचा एकेक सड असाच गेला होता. मठात म्हणायचे, दृष्ट लागली. मीठमिरच्या ओवाळून टाकायचे. मिरच्या कमी पडल्या असं म्हणून पुन्हा टाकायचे.

ओळीत चौथी होती गौळण. ती लिंबाजीकाकांना लाथ मारायची. तिला कपिलेचा हात कधीच लागला नाही, म्हणून मठात तिला पापीण म्हणायचे. तिची धार शेण काढणारी गोजरबाई काढायची. तीही हौदावर हात खसाखसा धुऊन, कारण हाताला शेण असायचं.

माझं काम वासरं धरायचं.

दुसऱ्या खुंट्याला कवडी होती, कपिलेची लेक. पहिलारू, पहिल्याच वेताची. मी आले त्याच आठवड्यात तिचं वासरू अडलं, तेव्हा ते मी बाहेर ओढलं होतं, एकटीनं, कोपरापर्यंत हात घालून. शिकल्यानंतरचं माझं ते पहिलं वासरू. त्याचं नाक पुसताना मी मोठ्यानं रडले होते आणि गोजरबाई मला हसली होती.

अकराव्या दिवशी पहाटे कवडीनं पाय उचलला.

मी वासरू सोडून दिलं आणि तिच्या कासेला हात लावला. मागचा उजवा सड तापलेला. दोन धारा तळहातावर घेतल्या. दूध नव्हतंच ते. पिवळट पाणी आणि त्यात चोथा.

बाकीचे तीन सड मऊ होते. थंड होते. तीन चांगले सड...

मी तो उजवा सड पूर्ण पिळून काढला. सडाचं तोंड स्पिरिटनं पुसलं, औषधाची नळी आत सोडली, तापाचं इंजेक्शन दिलं. कवडीचं दूध आता औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस कुणी प्यायचं नाही, ते खड्ड्यात ओतायचं, असं सांगितलं. दूध ओतायचं म्हटल्यावर स्वयंपाकघरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

मग मी लिंबाजीकाकांना म्हणाले, संध्याकाळी कवडीला हात लावायच्या आधी साबणानं धुवा. कपिलेचा हात तिच्या त्या तीन सडांना लावू नका. धार काढल्यावर सडाचं तोंड बराच वेळ उघडं राहतं. जंतू तिथूनच आत जातात.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

"धुतला तर मग तो नुसता लिंबाजीचा हात, बाय."

तीस वर्षं ते या गोठ्यात होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील.

मी तिथंच उभी राहिले. कपिला रवंथ करत होती. तिची कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, एक गुठळी नाही. आजारी गाय अशी दिसते का? दिसते. पुस्तकात मी वाचलं होतं. आत जंतू असतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. अशी गाय वर्षानुवर्षं दूध देते आणि शेजारच्या गाईंना आजार देत राहते. वाचलं होतं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

बघायला काय लागतं? कपडे धुवायची पावडर.

अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे. गोजरबाईनं स्वयंपाकघरातून वाट्या पळवून आणल्या आणि स्वयंपाकीण मथुराबाईला सांगू नको म्हणाली. त्याच पहाटे काकांची धार झाली तशी मी एकेका गाईजवळ बसले, दर वेळी हात धुतले, प्रत्येक सडाचं थोडं थोडं दूध वाटीत घेतलं. तेवढंच पावडरचं पाणी घालायचं आणि वाटी गोल फिरवायची. सड चांगला असेल तर दूध पातळ राहतं. आत जंतूंशी लढाई चालू असेल तर ते दाटतं.

अकरा गाई. चव्वेचाळीस सड. चार कायमचे बंद. चाळीस वाट्या एकदम कुठून आणणार, म्हणून धुऊन धुऊन त्याच वापरल्या. निकाल पाटीवर खडूनं लिहीत गेले.

कपिलेची पहिली वाटी मी फिरवली...

दूध दाटलं. आधी पेजेसारखं, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखं. वाटी कलती केली तर सगळा गोळा एकदम घसरला.

मी एकटीच हसले. इतक्या मोठ्यानं, की कपिलेनं रवंथ थांबवला.

तिचे तीन सड तसेच निघाले. फक्त डावा पुढचा पातळ. कवडीचे तीन चांगले सड अजून पातळ होते. तिसऱ्या गाईचे दोन दाट. चौथी गौळण, चारही पातळ, पाण्यासारखे. पाचवीचे दोन दाट. सहावी, सातवी, आठवी, थोडं थोडं कमी. शेवटच्या तिघी साफ.

मी पाटी समोर धरली. कपिलेपासून सुरू होणारी एक ओळ, पुढं पुढं विरत जाणारी. आणि मध्ये एक भोक. गौळण.

मठातले सगळ्यात स्वच्छ हात शेण काढणारीचे होते.

मला नाचावंसं वाटत होतं. नाचलेही असेन. गोजरबाई म्हणते नाचलीस.

पाटी घेऊन मी धावत बुवांकडे गेले. ते अंगणात चिंचा फोडत बसले होते. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

मी पाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि श्वास न घेता सगळं सांगितलं. कपिला शेवटी गेली पाहिजे, चांगल्या गाई आधी, प्रत्येक गाईला धुतलेला हात, धार झाली की सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे, कपिलेचं दूध आटेल तेव्हा चारही सडांत औषध भरायचं. आणि हे सगळं आज संध्याकाळच्या घंटेच्या आत. कारण पाच वाजता तोच हात कवडीच्या तीन चांगल्या सडांना लागणार.

बुवांनी एक चिंच फोडली.

"तुला सांगितलं होतं ना, विचारायचं नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"विचारलं नाही. बघितलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मला वाटलं ते हसणार. हसले नाहीत.

"चार वाजता पंचांना बोलाव."

"पंच कशाला? तुम्ही सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

"म्हणूनच," बुवा म्हणाले, आणि पुढची चिंच उचलली.

चार वाजता गोठ्यासमोर पंच बसले. तिघं. पुढारी उद्धवतात्या, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूनं. लिंबाजीकाका खांबाला टेकून उभे. बुवा एका कोपऱ्यात पाटावर.

मी वाट्या मांडल्या. तात्यांनी पावडरचा पुडा उचलून वाचला. आधी औषधाची कंपनी होती, आता साबणाची काढली वाटतं, असं ते म्हणाले, आणि उरलेले दोघं पोट धरून हसले. डॉक्टरीणबाई, साबणात काहीही घाला, फेस येणारच, असंही म्हणाले. पांढऱ्या डगल्यातल्या लोकांना गाय म्हणजे दुधाची टाकी वाटते, हे त्यांनी हसता हसता सांगून टाकलं.

मी विचारलं, तुम्ही शाळेत पोरांच्या कॉप्या कशा पकडायचा?

तात्यांचं हसू थांबलं.

"म्हणजे?"

"मला पकडा. दूध तुम्ही आणा. कुठल्या गाईचं ते मला सांगू नका. मी तोंड फिरवून बसते."

हे त्यांना आवडलं. माणसाला परीक्षा घ्यायला मिळाली की त्याचं वय कमी होतं. ते गोजरबाईला घेऊन स्वतः गोठ्यात गेले. मी भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवरून एक मुंगळा चालला होता. माझे कान तापले होते. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

वाट्या आल्या. मी वळले. पहिलीत पावडरचं पाणी घातलं, फिरवली. दाट.

"कपिला असेल. नाहीतर तिसरी किंवा पाचवी."

तात्यांनी पुढची वाटी सरकवली.

दुसरी. पातळ. गौळण असेल, नाहीतर शेवटच्या तिघींपैकी एक, मी म्हणाले. गोजरबाईच्या चेहऱ्यावरून कळलं, बरोबर.

तिसरी वाटी. फिरवली. पातळ... पुन्हा फिरवली. पातळच.

"ही निरोगी."

तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

"ही कपिला."

दोघे पंच पुन्हा हसले, आता मनापासून. लिंबाजीकाकांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी वाटी पुन्हा कलती केली. वाटी हातात, दूध पातळ, आणि पाचला पंचवीस मिनिटं कमी.

मग मी गोजरबाईकडे वळले.

"कुठला सड?"

"काय?"

"कुठल्या सडाचं काढलंस?"

ती आठवायला लागली. तात्या म्हणाले, सड कुठला का असेना, गाय तीच. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"डावा," गोजरबाई म्हणाली. "पुढला."

मी सकाळची पाटी उचलून तात्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. कपिलेच्या नावापुढं चार खुणा होत्या. तीन फुल्या. आणि डाव्या पुढच्यापुढं सकाळी सहा वाजता लिहिलेला एकच शब्द. बरा.

तात्यांनी पाटी उलटून मागं काही आहे का ते बघितलं. मग पुन्हा सुलटी केली. त्यांनी ती बाजूच्या पंचाकडे दिली. त्यानं वाचली आणि घशात खाकरला.

मला ओरडावंसं वाटत होतं. मी जिंकले होते. सगळ्यांसमोर, त्यांच्याच परीक्षेत.

"अनू..."

लिंबाजीकाका होते, पहिल्यांदाच मला नावानं हाक मारत. खांबापासून पुढं आले नव्हते.

"म्हणजे... कवडीला माझ्या हातानं झालं?"

"हो," मी म्हणाले. "आणि त्या चौघींनाही."

फार पटकन म्हणाले मी. तोंडातून शब्द सुटताना मला कळत होतं की तो इतका पटकन सुटायला नको. पण मी धावत होते, थांबता येत नव्हतं.

काकांनी दोन्ही हात समोर धरले. उलटे केले. सुलटे केले. आणि गोठ्याच्या मागं निघून गेले.

कुणीच त्यांना थांबवलं नाही. मीसुद्धा.

उद्धवतात्यांनी आवाज खाली आणला. ते म्हणाले, पोरी, मानलं तुला. पण हा नियम आमचा नाही. मठ उभा राहिला तेव्हापासूनचा आहे. बुवांच्याही गुरूंनी घालून दिलेला. त्याला हात लावायचा आम्हाला काय अधिकार?

मी तोंड उघडलं. पण आवाज कोपऱ्यातून आला.

"माझा आहे."

बुवा पाटावरून उठत होते. गोजरबाईनं हात दिला, तो त्यांनी घेतला.

"नियम माझा आहे. गुरूंचा नाही."

तात्यांना वाटलं बुवांना वयामुळं आठवत नाही. त्यांनी तसं सांगायचा प्रयत्न केला, मऊ शब्दांत. बुवांनी ते ऐकून घेतलं आणि सांगायला लागले.

दुष्काळ होता. ते सव्वीस वर्षांचे. मठात सहा गाई आणि पाचींना दगडी. एकच धडधाकट राहिली होती, आत्ताच्या कपिलेची खापरपणजी. त्यांना गुरांचं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसलं की आजारी गाईचा हात चांगल्या गाईला लागला की तीही पडते. म्हणून त्यांनी लिंबाजीच्या बापाला सांगितलं, कपिलेची धार पहिली.

"आणि हात धुवायचा नाही, हे?" मी विचारलं.

"पाणी नव्हतं गं."

त्यांनी विहिरीकडे हात केला.

"विहिरीत चिखल होता. गाईंना पाजायला घागरीनं आणायचो, दीड कोसावरून. हात कुठून धुणार? लिंबाजीचा बाप सारखा विचारायचा. बुवा, असं का, तसं का. मी दमलो होतो. म्हणलो, सांगतो तेवढं कर, विचारू नको."

त्यांनी गोजरबाईचा हात सोडला.

"पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहीर भरली. कपिला म्हातारी झाली, तिची नात आली, नातीची नात आली. नाव तेच ठेवलं. खुंटा तोच. एक दिवस मी गोठ्यात गेलो तर लोक लिंबाजीच्या बापाच्या हाताला नमस्कार करत होते."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं. आणि तुम्ही बोलला नाहीत."

"अनसूया," तात्या दटावून म्हणाले.

"नाही, बोलू द्या मला. कवडीचा सड सुजलाय. चार गाईंचे सड गेले. काका तिकडं मागं जाऊन बसलेत. आणि यांना माहीत होतं की हा नियम पाणी नव्हतं म्हणून झाला. पाणी आलं त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं. एक. का नाही बोललात?"

बुवांच्या गुरूंना किंवा बुवांना मठात असं कुणी विचारलं नसेल. पंचांनी माना खाली घातल्या. मला वाटलं बुवा आता काहीतरी खोल, गोल बोलतील, जे ऐकून सगळे माना डोलावतील आणि मला आणखी राग येईल.

"मला ते नमस्कार आवडायला लागले होते," बुवा म्हणाले.

माझा राग जागच्या जागी उभा राहिला. त्याला पुढं जायला वाट मिळेना.

पाचला दहा मिनिटं होती.

गोठ्याच्या मागून लिंबाजीकाका आले. चुलीतली राख घेऊन त्यांनी हात घासले होते, बोटांपासून कोपरापर्यंत. साबण तिथंच हौदावर होता, तरी राख. कातडी लाल झाली होती, एका बोटाच्या पेरातून रक्त आलं होतं. पाणी अजून निथळत होतं. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले, शाळेत नखं दाखवायला करतात तसे.

"आता चालंल का, बाय?"

मी पाच वर्षं शिकले. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. हो, काका, चालेल, फक्त साबणानं एकदा आणि जखमेला पट्टी. इतकं सोपं उत्तर.

मी नुसती होकारार्थी मान हलवली. माझ्या ओढणीनं त्यांचे हात पुसले.

आणि मग उद्धवतात्या उठले.

त्यांच्या अंगात एकदम उत्साह आला होता. माणूस हरला की दोन गोष्टी करतो, रुसतो किंवा जिंकणाऱ्याचा पुढारी होतो. तात्या दुसऱ्या जातीचे. त्यांनी मठाच्या दारातला सुविचाराचा काळा फळा मागवला. तो पुसला. खडू माझ्या हातात दिला. म्हणाले, झालं ते झालं, आजपासून नवा नियम. रोज वाचता येईल असा दारावर लावू. रंगाऱ्याकडून पक्क्या अक्षरांत करून घेऊ. डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगाल तसं पुढची पन्नास वर्षं चालेल.

पन्नास वर्षं.

मी खोटं सांगणार नाही, माझी छाती भरून आली. मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. कपिलेची धार शेवटी. खाली लिहिलं, हात धुवावेत. अक्षर छान आलं. दोघे पंच वाचून माना डोलवायला लागले, मघाशी पोट धरून हसणारे तेच दोघे.

"आणि खाली तुमचं नाव टाका," तात्या म्हणाले. "पदवीसकट. म्हणजे कुणी वाद घालणार नाही."

मी खडू टेकवला...

बाजूला लिंबाजीकाका फळा वाचत होते. त्यांना नीट वाचता येत नव्हतं. ओठ हलवत, एकेक अक्षर, पाठ करत होते. मंत्र घेतल्यासारखं.

माझी नजर पाटीवर गेली. कपिलेच्या तीन फुल्या आणि एक बरा. ती आटेल, औषध भरलं जाईल, पुढच्या खेपेला कदाचित चारही बरे निघतील. तेव्हा कुठली दुसरीच बिघडलेली असेल. सहावी. गौळणसुद्धा. आणि इथं दारावर पक्क्या रंगात लिहिलेलं असेल, कपिला शेवटी. आणि काकांचा कुणी पोरगा रोज आधी त्या बिघडलेल्या गाईला हात लावेल आणि मग चांगल्या कपिलेला. कारण डॉक्टरांनी सांगितलंय.

मी बाहीनं फळा पुसला.

तात्या ओरडले, अहो, काय करता.

"मी लिहिणार नाही."

"मग मी लिहितो. तुम्ही सांगा."

"सांगणारही नाही. नाव तर नाहीच. आज कपिला शेवटी, कारण आज तिचं दूध दाटलं. दर रविवारी वाट्या मांडा. ज्या गाईचं दाटेल ती त्या आठवड्यात शेवटी. पुढच्या रविवारी परत मांडा. हात धुवायला मी दहा वेळा सांगेन, आणि कुणी का म्हणालं तर अकराव्यांदा सांगेन. पण भिंतीवर नाही."

"वाट्या कोण बघणार?"

"काका. गोजरबाई. ज्याला डोळे आहेत तो."

"आणि त्यांनी उद्या सांगितलं की डॉक्टरीणबाईचं चुकलं?"

"तर माझं चुकलं असेल."

तात्यांनी पंचांकडे बघितलं, पंचांनी रिकाम्या फळ्याकडे. तिघांनाही एकदम कळेना की आता कुणाच्या पाठीमागं उभं राहायचं. गोजरबाईनं हातातली वाटी हळूच खाली ठेवली, आवाज होऊ न देता.



पाच वाजले. घंटा वाजवायचं कुणाला सुचलं नाही. लिंबाजीकाका धुतलेल्या हातांनी शेवटच्या खुंट्याकडे चालायला लागले, उलट्या बाजूनं.

बुवा माझ्याजवळ आले. आता ते हसत होते, एखाद्या पोरासारखे, सगळे दात नसताना.

"चुकशील तेव्हा मला हाक मार, अनसूया. मला बघायचंय."